कॉलेज नको म्हणणारी मुले

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघर एक नवा उद्योग सुरू होतो. त्याचे नाव कॉलेज पाहणे. पूर्वी ज्या गांभीर्याने स्थळ पाहावयास जात, त्याच गांभीर्याने आज आईवडील मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन कॉलेज पाहावयास निघतात. माहितीपुस्तक चाळून झालेले असते, मोबाईलवर इमारतीची छायाचित्रे पाहून झालेली असतात, तिथे शिकून गेलेल्या चार जणांना विचारूनही झालेले असते. फी परवडणारी, विषय हवे तेच, गुणही पुरेसे. सर्व काही जुळले असे वाटत असतानाच परतीच्या वाटेवर मुलगा शांतपणे सांगतो, "हे कॉलेज नको."

"का रे बाबा?"

"तिथला युनिफॉर्म बघितलात ना? मातीचा रंग आहे."

वडील कपाळाला हात लावतात. आई बसच्या खिडकीतून बाहेर पाहू लागते.

असली कारणे ज्या घराने ऐकली नाहीत, असे घर सापडणे कठीण. एका मुलाला कॉलेजचे नाव फार लांब वाटते. देणगीदाराचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि आडनाव मिळून झालेले ते नाव सांगून होईपर्यंत ऐकणाऱ्याची बस निघून जाईल, असे त्याचे म्हणणे. एका मुलीला तिथला जिना पसंत पडत नाही. दुसरीला तिथले पाणी आवडत नाही. तिसरीला कॅन्टीनमधला चहा फार गोड लागतो. एकाची अडचण अशी की, त्या कॉलेजची बस नेमकी आत्याच्या दारावरून जाते. एकाने सभागृहातले घड्याळ बंद पडलेले पाहिले आणि कॉलेजच बाद केले. आणि खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने बेळगावातले एक चांगले कॉलेज नाकारताना जे कारण दिले, त्याला तर तोड नाही. तो म्हणाला, "त्या कॉलेजचं फाटक फार मोठं आहे."

अशा कारणांना हसावे की त्यांवर रागवावे, हा वडीलमाणसांपुढचा प्रश्न. बहुधा आधी हसणे होते आणि पाठोपाठ रागावणे होते. वस्तुतः दोन्हींची गरज नाही. मुलांची ही कारणे लगेच मान्य करावयाची नसतात, तशी ती टाकूनही द्यावयाची नसतात. ती वाचावयाची असतात. पाकिटावरचे अक्षर वेडेवाकडे आहे म्हणून आतले पत्र न वाचताच कोणी फेकून देत नाही. या कारणांचेही तसेच आहे.

मुळात नाही म्हणण्याची ही सोय नवी आहे. आज नातवाला कॉलेज दाखवावयास निघालेल्या आजोबांच्या पिढीला ती फारशी ठाऊक नव्हती. गोव्याचेच उदाहरण घ्यावे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. तोवर पणजीत १८४२ सालापासून वैद्यकीय विद्यालय होते, लिसेव होते. पण कला, शास्त्र वा वाणिज्य यांची पदवी घ्यावयाची तर बेळगाव-धारवाडला नाही तर पुण्या-मुंबईला जाणे भाग होते. १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालये निघाली, १९६३ मध्ये म्हापशात सेंट झेवियर्स, १९६४ मध्ये नुवें येथे मुलींसाठी कार्मेल. त्या वेळच्या मुलाला फाटकाची उंची मोजण्याचे सुचलेच नसते. फाटक निघाले, हेच पुष्कळ होते. इतरत्र कॉलेजे जुनी होती, पण थोडी होती. बडोद्यात १८८१ चे बडोदा कॉलेज, इंदुरात १८८७ चे ख्रिश्चन कॉलेज आणि १८९१ चे होळकर कॉलेज, हैदराबादेत १८८७ चे निजाम कॉलेज, बेळगावात १९३३ चे लिंगराज आणि १९४५ चे राणी पार्वतीदेवी. ज्याला जे दार जवळ पडे आणि ज्याच्या खिशाला जे मानवे, त्यात तो शिरे.

आज दारे अगणित झाली आहेत. तेलंगणात पदवीच्या प्रवेशासाठी २०१६ पासून एक सरकारी ऑनलाईन व्यवस्था आहे. तिचे नाव मोठे गोड आहे, 'दोस्त'. पण या दोस्ताच्या यादीत शेकडो कॉलेजे असतात, आणि शेकडो नावांपुढे बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला दोस्त भेटल्याचा आनंद होतोच असे नाही. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी-प्रवेशासाठी देशव्यापी सामाईक परीक्षा सुरू झाली, तेव्हापासून तर गावाबाहेरची आणि राज्याबाहेरची दारेही यादीत येऊन बसली आहेत.

इतके पर्याय समोर आले की मन काय करते? अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली याविषयी एक सिद्धान्त मांडला. पर्याय पुष्कळ असले म्हणजे माणूस प्रत्येकाचे सगळे गुणदोष तोलीत बसत नाही. तो एक कसोटी उचलतो आणि तिला जे उतरत नाहीत ते पर्याय बाद करतो. मग दुसरी कसोटी उचलतो, आणखी काही बाद करतो. असे करीत करीत उरेल ते घेतो. यात नवल नाही. भाजीवालीच्या पाटीतली सगळी वांगी कोणी एकेक करून पारखीत नाही. आधी किडकी बाजूला सारायची, मग जून, मग उरलेल्यांतून अर्धा किलो घ्यायची. मुलेही हेच करतात. फरक इतकाच की, भाजी घेणाऱ्या बाईला वांगे कशावरून पारखावे हे वर्षानुवर्षांच्या सवयीने कळलेले असते, आणि मुलाने कॉलेज पूर्वी कधी पाहिलेलेच नसते. अभ्यासक्रमाचा दर्जा, अध्यापकांची तयारी, मान्यतेची श्रेणी हे सारे त्याला ऐकून माहीत असते, डोळ्यांना दिसत नसते. डोळ्यांना दिसतो तो युनिफॉर्मचा रंग, जिना, घड्याळ आणि फाटक. म्हणून जे दिसते, तीच त्याची कसोटी होते.

एवढ्याने मात्र सगळ्या नकारांचा उलगडा होत नाही. नीट पाहिले तर या कारणांचे तीन प्रकार पडतात, आणि तिन्हींना एकच औषध चालत नाही.

पहिला प्रकार झाकणाचा. सांगितलेले कारण हे खऱ्या कारणावर ठेवलेले झाकण असते. त्या फाटकवाल्या मुलाचीच हकीगत ऐकण्यासारखी आहे. दहावीपर्यंत तो मराठी माध्यमाच्या शाळेत शिकला. गुण उत्तम. वडिलांची शेती, मुलाने पीयूसीला शास्त्र शाखा घ्यावी आणि पुढे इंजिनीअर व्हावे, ही त्यांची इच्छा. मुलाने फाटकाचे कारण सांगताच ते म्हणाले, "त्या फाटकातून तुला काय हत्ती न्यायचाय?" घरातली सगळी माणसे हसली. मुलगाही हसला. दुसऱ्या दिवशी प्रवेश घेतला गेला.

दोन महिने मुलगा नियमाने जात होता. पुढे नवरात्राच्या सुमारास घरी कळले की, तो सकाळी बेळगावच्या बसस्टँडवर उतरतो, तिथेच एका बाकावर पुस्तक उघडून बसतो आणि संध्याकाळच्या बसने परत येतो. वडिलांनी आधी हात उगारला, मग स्वतःच डोके धरून बसले. फी गेली होती, निम्मे वर्ष गेले होते. तेव्हा त्याच्या जुन्या शाळेतल्या बाई घरी आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "फाटक मोठं म्हणजे काय रे?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "बाई, त्या दिवशी फाटकाशी वॉचमननं काहीतरी विचारलं. कानडीत विचारलं, मग इंग्लिशमध्ये विचारलं. मला उत्तर देता येईना. मागं रांग लागली. सगळी पोरं बघत होती. आत वर्गातही सगळं इंग्लिशमध्येच चालतं. मला तिथं बोलताच येत नाही."

फाटक मोठे नव्हते. त्या फाटकाशी उभा राहिलेला मुलगा त्या क्षणी स्वतःच्याच नजरेत लहान झाला होता. हे त्याने मे महिन्यातच सांगितले असते, तर उपाय कठीण नव्हता. जिथे पहिले काही महिने मुलांना सांभाळून घेतात असे लहान कॉलेज शोधता आले असते, सुटीत इंग्रजीची तयारी करून घेता आली असती, निदान त्याच गावाकडचा वरच्या वर्गातला एखादा सोबती गाठून देता आला असता. पुढच्या वर्षी हे सारे झाले आणि मुलगा मार्गी लागला. गेलेले वर्ष मात्र परत आले नाही.

त्याने तेव्हाच का सांगितले नाही? उत्तर साधे आहे आणि प्रत्येक पालकाने ते मनाशी जपून ठेवावे. सोळा वर्षांच्या मुलाला आपले हसे झालेले चालते. आपली कीव झालेली चालत नाही. म्हणून तो मुद्दाम हसण्याजोगे कारण पुढे करतो. लोक हसतात, विषय संपतो आणि खरे दुखणे झाकलेले राहते. जिना नापसंत करणाऱ्या मुलीला दमा असतो आणि चौथ्या मजल्यावरचा वर्ग गाठताना आपल्याला लागलेली धाप मैत्रिणींना दिसेल, ही तिला धास्ती असते. आत्याच्या दारावरून बस जाते म्हणणाऱ्या मुलाला आत्याचा राग नसतो. आत्याच्या मुलाला नेहमी पहिला वर्ग मिळत आला आणि रोज सकाळी त्याच दारावरून जाताना आपल्या गुणांची आठवण होणार, हे त्याला नको असते. लांब नावाला हसणाऱ्याला बहुधा एवढेच म्हणावयाचे असते की, "कोणत्या कॉलेजात आहेस?" असे विचारणारा पाहुणा ते नाव ऐकून ओठ मुरडील.

दुसरा प्रकार याहून निराळा. यात कारण खरे असते आणि योग्यही असते; केवळ ते सांगण्याची भाषा मुलाजवळ नसते, किंवा सांगावयास संकोच वाटतो. 'तिथले पाणी आवडले नाही' म्हणणाऱ्या मुलीला आईने रात्री स्वयंपाकघरात एकटीला गाठून विचारले, "पाणी कडू होतं का?" तेव्हा कळले की, तिने पाणी प्यायलेच नव्हते. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती आणि नळ कोरडा होता. तिने मनाशी हिशेब केला होता, सकाळी आठ ते दुपारी दोन पाणी प्यायचे नाही म्हणजे झाले. सहा तास पाण्यावाचून राहण्याची ही तयारी आपल्याकडच्या अनेक मुलींना शाळेपासूनच करावी लागते, आणि तिच्यापायी दुखणीही येतात. तीन वर्षे ज्या इमारतीत काढावयाची, तिथल्या दाराला कडी आहे की नाही हे पाहणे याला लहर कोण म्हणेल? माहितीपुस्तकातल्या सगळ्या रंगीत पानांपेक्षा त्या मुलीने अधिक पाहिले होते.

बंद घड्याळाचेही थोडेफार तसेच. घड्याळ बंद पडले म्हणून कॉलेज वाईट ठरत नाही. पण ज्या सभागृहात रोज शेकडो माणसे येतात, तिथले घड्याळ कित्येक महिने बंद राहते आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण असू शकते. त्या मुलाच्या वडिलांनी हसण्यावारी न नेता एक काम केले. ते पुन्हा जाऊन ग्रंथालय आणि रसायनाची प्रयोगशाळा पाहून आले. ग्रंथालय दुपारी एकलाच बंद होत असे, आणि प्रयोगशाळेतल्या निम्म्या नळ्यांना गॅस नव्हता. मुलाला एवढे सगळे माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याला एक घड्याळ दिसले होते. अर्थात कधी घड्याळ बंद असते आणि बाकी सारे उत्तम चालू असते, हेही आढळेल. म्हणूनच कारण ऐकून निकाल द्यावयाचा नसतो, तपास करावयाचा असतो.

तिसरा प्रकार निव्वळ लहरीचा. तोही असतो, नाही असे नाही. त्या दिवशी ऊन फार होते, फाटकापाशी चिखल होता, न्याहारी झाली नव्हती, वाटेत भावाशी भांडण झाले होते, आणि त्याचा राग कॉलेजवर निघाला. या लहरीचा अभ्यास अमेरिकेत झाला आहे. तिकडे प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने कॉलेज स्वतः जाऊन पाहण्याचा प्रघात मोठा आहे. युरी सायमनसन या संशोधकाने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात १,२८४ विद्यार्थ्यांच्या निर्णयांची छाननी केली. हे विद्यार्थी अशा एका विद्यापीठास भेट देऊन गेले होते की, जे अभ्यासासाठी नावाजलेले, पण मौजमजेच्या बाबतीत उणे होते. आढळले ते असे की, भेटीच्या दिवशी आभाळ जितके अधिक भरलेले, तितके तिथे प्रवेश घेणाऱ्यांचे प्रमाण अधिक. नेहमीच्या चढउताराच्या मानाने ढग एका पायरीने वाढले की प्रवेशाची शक्यता सुमारे नऊ टक्केबिंदूंनी वाढे. कारण उघड आहे. भरलेल्या आभाळाखाली पुस्तक घेऊन बसावेसे वाटते; लख्ख उन्हात ग्रंथालय तुरुंगासारखे दिसते. चार वर्षांचा निर्णय एका दिवसाच्या ढगांनी फिरविला.

हे ऐकून मोठी माणसे मान डोलावतील आणि म्हणतील, 'मुलेच ती!' पण त्याच संशोधकाचा २००७ सालचा आणखी एक निबंध आहे. त्यात त्याने मुलांना सोडून, प्रवेश देणाऱ्या मोठ्या माणसांना तपासले. एका विद्यापीठातील ६८२ अर्जांवरचे निर्णय त्याने पाहिले. ज्या दिवशी आभाळ भरलेले असे, त्या दिवशी अर्ज पाहणारे अधिकारी विद्यार्थ्याच्या अभ्यासातील गुणांना अधिक वजन देत. ज्या दिवशी ऊन असे, त्या दिवशी अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना. अर्ज तोच, गुण तेच. वर ढग आले की पारडे हलले.

तेव्हा लहर ही काही सोळा वर्षांच्या वयाची मिरास नव्हे. आपल्याकडच्या पालकांच्या कारणांची यादी केली तर ती मुलांच्या यादीहून फार शहाणी दिसेल असे नाही. 'आमच्या साहेबांचा मुलगा तिथेच आहे.' 'लग्नाच्या वेळी त्या कॉलेजचे नाव बरे दिसते.' 'नावात सेंट आहे, म्हणजे शिस्त असणारच.' आणि शेजारच्या घरात नेमके उलट, 'नावात सेंट आहे, म्हणजे आपल्यातले नव्हे.' ही सारी कारणे गंभीर चेहऱ्याने सांगितली जातात, एवढाच काय तो फरक. काही वडिलांचा हट्ट असतो की, मुलाने आपल्याच जुन्या कॉलेजात जावे. ही माया समजण्यासारखी आहे; पण जुने कॉलेज जुने राहिलेले नसते. बेळगावातली जुनी कॉलेजे आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, मग धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाला, आणि २०१० पासून बेळगावच्याच राणी चन्नम्मा विद्यापीठाची सोय झाली. इंदूरकरांच्या आजोबांच्या पदवीवर आग्रा विद्यापीठाचे नाव असे. १९६४ साली इंदूर विद्यापीठ झाले आणि १९८८ साली त्याला देवी अहिल्येचे नाव मिळाले. गोव्याची कॉलेजेही १९८५ साली गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबईकडेच पाहत. भिंती त्याच, पण अभ्यासक्रम नवा, शिक्षक नवे, परीक्षा नव्या. वडिलांना जे कॉलेज हवे असते, ते पुष्कळदा त्यांच्या स्मरणातच उरलेले असते.

नावावरून आणि गावावरून माणसे व संस्था नाकारण्याची ही खोड फार जुनी आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानात नथानिएलची कथा आहे. नाझरेथच्या येशूविषयी फिलिपने त्याला सांगितले, तेव्हा त्याची पहिली शंका अशी की, असल्या गावातून चांगले ते काय निघणार! फिलिपने वाद घातला नाही, नाझरेथची थोरवी गायिली नाही, नथानिएलला मूर्खही म्हटले नाही. तू स्वतःच येऊन पाहा, एवढेच सांगितले. नथानिएल गेला, त्याने पाहिले आणि त्याचे मत पालटले. ज्या घरात कॉलेजवरून वाद पेटला आहे, तिथे फिलिपची ही रीत उपयोगी पडेल. वाद घालून मुलाचे मन फारसे वळत नाही. पुन्हा पाहण्याने मात्र कधी कधी वळते.

म्हणून पहिली गोष्ट ही की, नकार ऐकताच निकाल देऊ नये. दुसरा प्रश्न विचारावा. 'रंगात काय ठेवलंय?' हा प्रश्न नव्हे, तो टोमणा आहे. 'तिथं आणखी काय दिसलं तुला?' हा प्रश्न आहे. 'पहिल्या दिवशी तू तिथं गेलास, तर कुणाशी बोलशील?' हाही प्रश्न आहे, आणि याचे उत्तर देताना झाकण बहुधा आपोआप सरकते. हे विचारावयाचे तेही पाहुण्यांसमोर नव्हे. एकट्याला, हाताशी काही काम असताना विचारावे. शेंगा सोलताना किंवा सायकल पुसताना मुले जे सांगतात, ते समोर बसवून विचारल्यास सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट, कॉलेज एकदाच पाहू नये. एकदा उन्हात पाहिले असेल तर एकदा पावसात पाहावे. समारंभाच्या दिवशी तर मुळीच पाहू नये. त्या दिवशी सर्वच कॉलेजे चांगली दिसतात. चालू वर्गांच्या दिवशी जावे, आणि शक्य तर मुलाला मित्राबरोबर पाठवून आपण घरी राहावे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी त्याला बोलू द्यावे. तास नियमाने होतात का, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, प्रयोगशाळेत प्रयोग स्वतः करावयास मिळतो की लांबून पाहावा लागतो, स्वच्छतागृहे कशी आहेत, शेवटची बस कितीला, या प्रश्नांची उत्तरे माहितीपुस्तकात मिळत नाहीत. फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीवर मिळतात. महाविद्यालयांना श्रेणी देण्यासाठी १९९४ साली स्थापन झालेली नॅक ही संस्था आहे, तिची श्रेणीही जरूर पाहावी. पण श्रेणी हा गावाचा नकाशा झाला, गाव नव्हे.

तिसरी गोष्ट, मोठ्यांनीही आपली कारणे मोठ्याने सांगावीत. वडिलांनी 'मला त्या कॉलेजची भूल पडली आहे, कारण माझे दिवस तिथे चांगले गेले' असे कबूल केले, तर मुलगाही 'मला तिथे भीती वाटते' असे म्हणू शकेल. आणि सगळा तपास होऊन दोन कॉलेजे सारखीच उतरली, तर मुलाच्या लहरीला मान द्यावा. अखेर तो मातकट युनिफॉर्म रोज सकाळी त्यालाच अंगात घालावयाचा असतो.

चौथी गोष्ट पैशाची, आणि ती सर्वांत नाजूक आहे. कॅन्टीनमधला चहा गोड लागला म्हणून कॉलेज नाकारणारी ती मुलगी आठवत असेल. बडोद्याच्या एका साध्या नोकरदाराची ती मुलगी. परगावचे ते कॉलेज तिनेच शोधून काढले होते. विषय तिच्या आवडीचा, वसतिगृह चांगले. सगळे पाहून झाल्यावर बापलेक कॅन्टीनमध्ये चहा घेत बसली. वडिलांनी खिशातून कागद काढला आणि फी, वसतिगृह, खानावळ, जाण्यायेण्याचा खर्च अशी बेरीज मांडली. बेरीज झाल्यावर पेन्सिल थोडा वेळ कागदावर तशीच राहिली. मग त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि हसून म्हटले, "छान आहे हं कॉलेज." गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मला नाही आवडलं. चहा केवढा गोड होता तिथला!"

वडिलांना ती लहर वाटली. चहाच्या गोडीवरून कॉलेज सोडणारी मुलगी म्हणून घरीदारी तिची थट्टाही झाली. तिने ती थट्टा मुकाट्याने सोसली आणि गावातल्या कॉलेजात नाव घातले. पेन्सिल थांबलेली तिने पाहिली होती, हे कोणाच्या लक्षात आले नाही. कदाचित शिष्यवृत्ती मिळाली असती, कदाचित बँकेचे शैक्षणिक कर्ज मिळाले असते. कदाचित काहीच जमले नसते आणि निर्णय तोच झाला असता. पण तो दोघांनी मिळून घेतलेला निर्णय झाला असता. जी मुले आईबापांचा खिसा ओळखतात, ती खर्चाची गोष्ट कधी बोलून दाखवीत नाहीत. ती चहाला नावे ठेवतात. म्हणून घरात किती पैसा आहे आणि किती नाही, हे कॉलेज पाहावयास निघण्यापूर्वीच मुलांना मोकळेपणाने सांगावे. त्यामुळे मुले लहान होत नाहीत. उलट आपण घरच्या विचारविनिमयात धरले गेलो, या भावनेने ती शहाणी होतात.

श्रोतेहो, येत्या जूनमध्येही असंख्य घरांतून मुले 'हे कॉलेज नको' म्हणतील आणि कारणे सांगतील. त्यांतली काही भीतीची असतील, काही खऱ्या निरीक्षणाची, काही लहरीची आणि एखाददुसरे मायेचे. ऐकताना ती सगळी सारखीच विचित्र वाटतील. कोणते कशाचे आहे, हे हसून कळणार नाही. रागावून तर नाहीच. थोडे थांबून, आवाज खाली आणून, आणखी एक प्रश्न विचारला तरच ते कळेल. एवढा वेळ प्रवेशाच्या धामधुमीतही प्रत्येक घराला काढता येण्याजोगा आहे.